दाजींची पातळ हवा

माझे दाजी, सोपानराव, यंदा नवरात्रात गेले. त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते एका पातळाविषयी. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, आणि मग आपण कशावर हसलो हे ध्यानात येऊन चेहरा पाडतो. मी रागवत नाही. दाजी असते तर तेही हसले असते, खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले असते... पण दर वेळी अर्धवट सांगून माझाच जीव कावतो. म्हणून ठरवलं, एकदा सगळं पहिल्यापासून लिहून काढावं. बायका नेसतात तेही पातळ आणि विरळ असतं तेही पातळ. या दोन अर्थांच्या मध्ये आमचं घर यंदाचा सगळा पावसाळा अडकून पडलं होतं, आणि पाऊस तर तसाही आला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आम्ही भावंडं शेवगावची. लग्न झालं तेव्हा दाजी लष्कराच्या वर्कशॉपात होते. चीनच्या लढाईनंतर त्यांना लडाखला धाडलं, आणि तिथून ते छाती बिघडवून घेऊन परत आले. पेन्शन घेतली आणि नगरला लागून असलेल्या केडगावात, पुणे रस्त्यावर, डिझेल इंजिनांचे पंप दुरुस्त करायचं गॅरेज टाकलं. त्यांच्या भरवशावर मी शेजारीच स्पेअर पार्टचं दुकान थाटलं. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. त्यांना मूलबाळ झालं नाही. दाजींचा धाकटा भाऊ नामदेव हा आई गेल्यावर रांगत्या वयात आक्काच्या पदरात आला आणि तिथंच मोठा झाला. तो तिला वयनी म्हणायचा, पण शाळेच्या फाटकाशी रडला तो तिच्यासाठी आणि पहिल्यांदा ट्रक चालवून आला तेव्हा खिडकीतून हाक मारली तीही तिलाच. आक्काच्या जगात देव होता, दाजी होते आणि नामदेव होता. त्यातला देव कितव्या नंबरावर होता हे मी तिला कधी विचारलं नाही.

गॅरेजच्या दारात दाजींची एक लोखंडी खाट असायची. काम नसलं की ते तिच्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे धूर बघायचे. ड्रायव्हर ओळखीचा असो नसो, हे आपले ओरडून सांगणार, "काळा सोडतोय रं! तेल जास्त झालंय, हवा मागतोय त्यो!" निळा दिसला की म्हणायचे, "ह्ये आइल खातंय." पांढरा दिसला की नुसती मान हलवायचे, जशी एखाद्याच्या पोराच्या वागण्यावर हलवावी. मला याचा फार वैताग यायचा. गिऱ्हाईक माझ्या दुकानात पाय टाकायच्या आत दाजी त्याच्या गाडीची अब्रू काढून मोकळे. मी बोललो की म्हणायचे, "पाव्हणं, धूर म्हंजी गाडीचं बोलनं हाय. बोलत्याला उत्तर दिऊ नये व्हय?"

लडाखचं मात्र ते फारसं बोलत नसत. एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही एकदाच. एका खिंडीत पुढची गाडी चढेना. ड्रायव्हर आपल्याकडचाच, घाटात गाडी घालणारा. आपल्या घाटातला रिवाज त्याच्या हाताला लागलेला, की चढ आला तर पंपाचा स्क्रू फिरवून तेल वाढवायचं. करंजीच्या घाटात ते चालतं. तिथं वर हवाच विरळ. इंजिनाला जेवढी हवा तेवढंच तेल पचतं. वरचं सगळं काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि ताकद उलटी घटते. त्यानं तेल वाढवलं, गाडी घुसमटली. त्यानं आणखी वाढवलं. शेवटी इंजिन बंद पडलं, वारं सुटलं, आणि मागून दाजींची गाडी पोचेपर्यंत... "इंजन आन् मानूस, दोनी सारखीच थंड हुती," एवढं बोलून दाजींनी विडी विझवली होती. डॉक्टरांनी मना केलेली ती विडी ओढल्याबद्दल त्या दिवशी मी काही बोललो नाही.

यंदा पावसानं दगा दिला. ऊस नाही, माल नाही, नगरच्या अड्ड्यावर ट्रक नुसते उभे. नामदेवाचं काम सुटलं. त्यातच नगरच्या एका ठेकेदाराला लडाखकडे रस्त्याच्या कामाचं सामान पोचवायचा ठेका मिळाला. गेल्या वर्षी पाकिस्तानशी झालेल्या लढाईनंतर तिकडं कामं निघालीच होती. ठेकेदाराकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली एक जुनी पिकअप होती. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं, रंग खाकीच. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून नामदेव ठरला, आणि ते दाजींना न विचारता ठरलं. घरात येऊन त्यानं सांगितलं तेव्हा आक्का भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, आणि तिनं नामदेवाकडे न बघता दाजींकडे बघितलं. दाजींनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "पिकप हितं आन. माझ्या हाताखालनं गेल्याबिगर ती हलायची न्हाई."

आता अडचण अशी, की गाडी जुळवायची लडाखच्या हवेशी आणि ती जुळवायची केडगावात. जिल्ह्यात उंच म्हणावं असं गाव कुठलं, तर राजूर आणि त्याच्या पुढचे डोंगर. एकदा तिकडं जाऊन आलेही. राजूरच्या बाजारात चहा घेतला, वरपर्यंत गाडी घातली, आणि दाजी तोंड वाकडं करून परत आले. "ही कसली उंची. हितली हवा तर म्हशीच्या दुधागत दाट हाय," म्हणाले. दोन दिवस खाटेवर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी उठले ते थेट आक्काकडे गेले. "तुजं एकादं पातळ काढ. हवा पातळ करायचीय."

आक्काला वाटलं गाडीला थंडी वाजू नये म्हणून पांघरूण पाहिजे. दीर जायचा एवढ्या लांब, तिथं जुनेर कसं द्यायचं? तिनं पेटीतनं हिरवंगार पातळ काढलं, मी भाऊबीजेला शेवगावच्या बाजारातून आणलेलं, अजून घडीही न मोडलेलं. दाजींनी ते टराटरा फाडलं. मी दुकानातून धावत गेलो, तर एअर क्लीनरच्या तोंडावर माझ्या भाऊबीजेची घडी दोरीसारख्या चिंधीनं बांधून दाजी इंजिन चालू करत होते. मी संतापलो. तर म्हणे, "पाव्हणं, तुमच्या पातळाचं नशीब मोटं हाय. शेवगावात निगालं आन् लडाखची हवा झालं."

कल्पना साधी होती. तोंडावर कापड बांधलं की इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणजे गाडी उभी असते केडगावात पण श्वास घेते लडाखचा. एक पदर बांधायचा, रेस करायची, काळा धूर आला की पंपाचा स्क्रू किंचित फिरवून तेल कमी करायचं, धूर निवळेपर्यंत. मग दुसरा पदर. मग करंजीचा घाट चढून यायचं, परत कापड, परत स्क्रू. हे कितीतरी दिवस चाललं. दर वेळी घाटाकडं निघायच्या आधी कापड बांधायचं आणि परत आल्यावर सोडायचं, आणि हे सगळं आक्का दारातून बघत असायची. गाडी मवाळ होत गेली. नामदेव कातावला. "दादा, तू पिकपचा जीवच काडला. बैलगाडी म्होरं जाईल हिच्या."

"बैलगाडी पोचती का न्हाई?" दाजी म्हणाले. "मग तशीच जा. दम धरून जा. तितं पळनारं मरतं, नामू." बोलताना त्यांना धाप लागली होती. त्यांचं स्वतःचंही त्या दिवसांत तसंच चाललं होतं. जिना नको, मोठ्यानं बोलणं नको, जेवणसुद्धा अर्ध्या भाकरीवर आलेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फुप्फुसं कामातून गेली आहेत. मी ते घरात सांगितलं नाही, पण दाजींना सांगायची गरज नव्हती. शेवटी एके दिवशी धूर पाण्यासारखा झाला, त्यांनी पंपाच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील मारलं, आणि कापड सोडून आक्काच्या हातात दिलं. "झालं ह्याचं काम," म्हणाले. आक्कानं ते ऐकलं. पण तिला वाटलं, आजचं झालं.

नामदेव निघाला त्या सकाळी दाजींना ताप होता, ते आत खोलीत पडून होते. मी मालाची गाडी उतरवून घेत होतो. आक्कानं पिकअपची पूजा केली, नारळ फोडला, नामदेवाला दही दिलं. मग तिनं त्याला बॉनेट उघडायला लावलं. ती हिरवी घडी तिनं त्या तोंडावर चापूनचोपून बसवली, चिंधी आवळली, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली आणि तिला हळदकुंकू लावलं. डोंगरात जाताना बांधायचं असतं, एवढं तिनं डोळ्यांनी बघितलेलं. "मी बांदलीय. सोडू नगं," असं तिनं त्याला बजावलं. नामदेवाला ठाऊक होतं की हे नको आहे. पण निघतानाची वेळ, वयनीच्या डोळ्यांत पाणी, त्यात अपशकुन कशाला करा? पुढं सोडू, असं म्हणून तो निघाला.

संध्याकाळी ताप उतरल्यावर दाजींनी विचारलं, "नीट गेला का?" आक्का समाधानानं म्हणाली, "गेला की. मी सोता पातळ बांदून दिलंय, चांगल्या दोन गाठी मारून." मी तिथं होतो. दाजींचा चेहरा मी विसरणार नाही. आधीच विरळ हवा, त्यावर ते कापड. दोन्ही एकावर एक. सपाटीला गाडी काही तक्रार करणार नव्हती, कारण कापडासकट चालायलाच तिला शिकवलेलं. ती अडणार होती थेट खिंडीत. दाजी उठून बसायला लागले, आणि आक्काला कळलं की आपल्या हातून काहीतरी झालंय. ती नुसती "काय झालं वं? काय झालं?" करत राहिली. तिच्यावर कुणीही ओरडलं असतं. मीच ओरडणार होतो. दाजींनी हात वर करून मला गप्प केलं आणि तिला म्हणाले, "तुजं न्हाई चुकलं. मी तुला बांदायचं दावलं. सोडायचं कशाला, ते कवाच न्हाई सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मी नगरच्या तार ऑफिसात गेलो. पठाणकोटला ठेकेदाराचा तळ होता, तिथं तार करायची. मजकूर दाजींनी सांगितलेला: पातळ सोड. खिडकीतला कारकून चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "अहो, घरचं कुणी आजारी आहे का? का लग्नाचं काही?" मी म्हटलं, "इंजिनाचं आहे." तो म्हणाला, "इंजिनाचं पातळ?" आणि मागच्या रांगेतले दोघंजण हसले. शेवटी त्यानं ती इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवली. उत्तर आलं नाही. दुसरी तार केली, तिचंही नाही. ठेकेदाराच्या पेढीवर विचारलं तर म्हणाले, गाडी पुढं गेली असेल, तिकडचं काही कळत नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. दाजी खाटेवर, आणि खाट गॅरेजच्या दारात, कारण आत श्वास पुरत नव्हता. धुराकडे ते अजून बघत, पण ओरडत नसत. काळा धूर दिसला की डोळे मिटून घेत. आक्का पोस्टमन येण्याच्या वेळेला दारात उभी राहायची आणि तो गेला की आत जाऊन चुलीपुढं बसायची. तिनं चप्पल सोडली होती, एक वेळचं जेवण सोडलं होतं. आणखी काय सोडलं म्हणजे तिकडं ती गाठ सुटेल, याचा ती शोध घेत होती असं मला वाटायचं. नवरा हिकडं घुसमटतोय आणि पोर तिकडं, आणि मधे तिच्या हातची गाठ. देवावर माझा आधीच फारसा विश्वास नाही. त्या महिन्यात जो होता तोही उडाला.

घटस्थापना होऊन गेली होती. सकाळी हवेत गारवा होता आणि दाजींना हुडहुडी भरली, म्हणून आक्कानं त्यांच्या अंगावर गोधडी घातली, गळ्यापर्यंत. तिच्याच जुन्या पातळांची शिवलेली. थोड्या वेळानं दाजींची मान हलायला लागली. ओठ हलले. आक्का वाकली. "पातळ..." असं ऐकू आलं. तिला वाटलं, गोधडी जड होतेय. तिनं ती काढली. त्यांनी मान हलवली, नाही. तिनं सदऱ्याची बटणं सोडली. परत मान, नाही. डोळे माझ्याकडं वळले. सगळा जीव गोळा करून ते म्हणाले, "पातळ... सोडलं का?"

स्वतःला हवा पुरत नसताना हा माणूस दुसऱ्याच्या हवेची चौकशी करत होता. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, "सोडलं, दाजी. नामदेवानं सोडलं. निरोप आलाय पेढीवर." कसलाही निरोप आलेला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. मग थोड्याच वेळात सगळंच थांबलं... आक्का रडली, पण त्या रडण्यात एक प्रकारचा धीर होता, आणि तो कशाचा होता हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

नामदेव तेराव्यानंतर आला, आगगाडीनं. पिकअप तिकडंच दुसऱ्या ड्रायव्हरकडं सोडून. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या, आणि पट्टीच्या बाहेर दिसणारं नख काळं होतं. अंगणात पाय ठेवला तसा तो आक्काच्या पायांवर कोसळला. मग बऱ्याच वेळानं, पाणी पिऊन झाल्यावर, त्यानं सांगितलं. खिंडीत चढ लागला तशी गाडी काळा धूर ओकायला लागली. मागं लष्कराच्या ट्रकांची रांग, हॉर्न, बर्फाचं भुरभुरं पडणं. इंजिन बंद पडलं. "मला कळत हुतं वयनी, काय सोडायचं त्ये. दादानं शिकवलंच हुतं. पन तुजी गाठ... हळदकुंकवाची. हातात धरून बसलो नुसता. वाटलं, ही सोडली आन् घरी कायतरी झालं तर?" शेवटी मागचा एक सरदार ड्रायव्हर येऊन शिव्या द्यायला लागला तेव्हा त्यानं हात घातला. तोवर बोटं चालत नव्हती. वरची गाठ त्यानं दातानं सोडली. खालची सुटेना, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घालून सगळं कापडच उचकटून काढलं. मग इंजिनानं दम घेतला, धूर निवळला आणि पिकअप, दाजींनी शिकवलेल्या त्याच मवाळ चालीनं, खिंड चढून गेली. ती तार पठाणकोटच्या तळावर पडूनच राहिली होती, त्याला मिळाली परतीच्या वाटेवर. तिथल्या मुनशीनं वाचून दाखवली होती, "पाताल सोड." आणि वर म्हणाला होता, इतक्या उंचावर जाऊन आलास, आणखी कुठलं पाताळ सोडायचं राहिलंय तुझं? तो असं हसतोय तोवर त्याच गठ्ठ्यातून आणखी एक तार निघाली, दाजी गेल्याची.

"खिंडीत हुतास त्यो कुटला दिस?" आक्कानं विचारलं.

नामदेवानं आठवून सांगितलं. आदल्या दिवशी खिंडीखालच्या मुक्कामावर पोरांनी दसऱ्याचं सोनं म्हणून कसली तरी पानं वाटली होती. म्हणजे दसऱ्याचा दुसरा दिवस.

दाजी गेले नवरात्रात. आक्का माझ्याकडं वळली. तेव्हा मला कळलं की त्या सकाळी माझं बोलणं दाजींच्या शेजारी बसलेल्या तिनंही ऐकलं होतं, खरं धरलं होतं, आणि इतके दिवस त्याच आधारावर ती उठत होती, स्वयंपाक करत होती, आल्यागेल्याशी बोलत होती. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजी ते गेले तवा," ती हळू म्हणाली, "गाठ बांदलेलीच हुती."

मी बोललो तेव्हा ते खोटं होतं. दसरा उलटल्यावर ते खरं झालं. दाजींना त्यातलं फक्त माझं बोलणं मिळालं, आणि आक्काच्या वाट्याला हे सगळं आलं.

नामदेवानं पिशवीतून ते कापड काढून तिला दिलं. एका बाजूनं अजून हिरवं आहे, दुसऱ्या बाजूवर काजळीचा गोल शिक्का. चिंधीच्या टोकाला दातांनी चावल्याच्या खुणा, आणि खालची गाठ तशीच, तेलानं आणि काजळीनं दगड झालेली. शेजारच्या बायका म्हणाल्या, हिरवं आता हातात धरू नकोस, नदीला सोडून ये. मी त्या बायकांना काय बोललो ते इथं छापता येणार नाही.

आता थंडी पडली आहे. गॅरेजला कुलूप आहे, पण दाराशी दाजींची लोखंडी खाट तशीच आहे. दुपारी कामं आटोपली की आक्का तिच्यावर येऊन बसते, मांडीवर ते कापड घेते आणि नखांनी ती गाठ उकलत राहते. समोरून ट्रक जातात, काळे, निळे, पांढरे धूर सोडत. ती मान वर करत नाही. परवा मी दुकानातून कात्री घेऊन गेलो. म्हटलं, "आक्का, दे इकडं, एका झटक्यात होईल." तिनं कापड छातीशी धरलं. "ऱ्हाऊ दे वसंता," म्हणाली, "मी बांदलीय, मीच सोडीन." आणि परत नख घातलं.